मांजरछाप

फोनमध्ये मासा एकच मिळतो,
निळा, गुबगुबीत, तोंड डावीकडे.
"हा कुठला?" देओलिंदानं विचारलं,
खवल्यांचे हात पाठीमागे धरून, नुसतीच वाकून.
सार्डिन, मी म्हटलं.
"सार्डिन चंदेरी असते, पोरी.
आणि इतकी खुशीत नसते."

मातोझिन्योशच्या धक्क्याला लागून कारखाना,
माडीवर माझं टेबल. खाली वाफ, मीठ, कात्र्या.
माझं काम एवढंच: सकाळी नऊला
डब्याच्या फोटोखाली दोन ओळी, तीन चिन्हं.
लिंबू, लाट, निळं हृदय.
लाल नको, लिस्बनहून बजावून आलंय,
लाल म्हणजे टोमॅटोचा डबा, त्याची मोहीम जूनमध्ये.
चेहरेही जपून वापरायचे.
दात दिसले की माल स्वस्त वाटतो,
आणि डोळा मारला तेव्हा
ब्रागाच्या एका नोटरीनं तीन परिच्छेद लिहिले होते.

पूर्वी भोंगा व्हायचा, देओलिंदा सांगते.
बोटी लागल्या की, रात्री दोनलासुद्धा.
प्रत्येक कारखान्याचा निराळा.
आमचा एक लांब, दोन आखूड,
की तिची आई पितं पोर शेजारणीकडे टाकून
ओल्या दगडांवरून पळत सुटायची.
आईला अक्षर येत नव्हतं.
दुकानात डबा ओळखायची झाकणावरच्या मांजरावरून:
तोंडात मासा, शेपूट वर.
"मांजर द्या," म्हणायची. झालं.
मांजरछाप डबा, अंगठाछाप बाई,
दोघींचं बरं जमायचं.

म्हणजे चित्रं तेव्हाही होतीच,
ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी.
मी लावते ती
ज्यांना येतं, त्यांच्यासाठी.

फेब्रुवारीत आमारुनं आत बोलावलं.
दुसरी पाळी मार्चपासून बंद.
"बायकांच्या ग्रुपवर तूच टाक.
तुझ्या लिहिण्यात ऊब असते."

चार ओळी लिहिल्या. शेवटी काय लावू?
जोडलेले हात लावले, पुसले.
प्रार्थना, आभार, की कुणीतरी कुणाला दिलेली टाळी,
त्या हातांचं काही खरं नसतं.
रडका चेहरा लावला,
तो इतका बारीक की रडतोय का हसतोय कळेना.
मग ब्रँडचं ठरलेलं निळं हृदय.
बोट सवयीनं लाटेवरही गेलं होतं.
लाट काढली. तेवढी लाज शिल्लक होती.

चार वाजून दहा मिनिटांनी पाठवलं.
खाली कात्र्या थांबल्या.
मग एकेक करून पुन्हा सुरू झाल्या,
टोपल्या भरलेल्या होत्या, मासा थांबत नाही.

पहिला अंगठा इल्डाचा आला.
मग दुसरा. मग रांगच लागली.
चौतीस अंगठे, पिवळे, साच्यातून काढल्यासारखे,
एकच गडद, केप व्हर्देच्या झुलमिराचा.
तिनं रंग निवडायला थांबून वेळ घेतला होता.
"बघ," आमारु मोजत म्हणाला, "समजून घेतलं सगळ्यांनी."

खाली स्वागतकक्षात काचेच्या पेटीत
पगाराची जुनी वही उघडी ठेवलीय, पर्यटकांसाठी.
पानभर जांभळे अंगठे,
काही फासलेले, एक अर्धाच,
एकावर माशाचं तेल पसरून डाग पडलेला.
घरी जाताना त्या पेटीपाशी उभी राहिले.
चौतीसजणींनी अंगठा दिला
की अंगठा दाखवला,
आणि दाखवला तर कुणाला?
काचेत माझाच चेहरा येत होता, मधे.

देओलिंदाकडे बटणांचा फोन.
दुसऱ्या दिवशी ती जिना चढून आली.
"मलाही पाठवलं असशील ना. वाच."
मी वाचलं. आवाज कोरडा ठेवला.
"संपलं?"
शेवटी एक हृदय आहे.
"कसलं?"
निळं.
तिनं थोडा विचार केला.
"मग त्या तुझ्या माशाचं असेल,"
म्हणाली, आणि कठडा धरून खाली गेली.
अजून सोळा दिवस होते.